माझ्या नावापुढचा ‘क’

कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलावर सरांनी माझा विषयांचा कागद मोठ्याने वाचला. रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू जावा म्हणून खुर्चीतून अर्धवट उठून वाचला.

“राज्यशास्त्र. अर्थशास्त्र. इतिहास. कारण, पुढे आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयात एम.ए. करायचे आहे.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कळंबच्या पुढे कधी गेलीस का गं तू?”

रांग हसली.

“नाही,” मी म्हणाले.

“आणि राष्ट्रांचा अभ्यास करणार. परदेशात काय, आईसारखा फेटिया घालून जाशील?”

आता शिपाईही हसला. माझ्या मागे याडी उभी होती, अंगात तोच आरसे लावलेला घागरा. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. शेतातलं निंदण अर्धं टाकून ती प्रवेशासाठी माझ्यासोबत आली होती. हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि म्हणाली,

“सायेब, पोरीचं चुकलं. लहान हाये. तुमी लिहान तेच बरं.”

माझं काय चुकलं होतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला. विषयांच्या रकान्यात शिसपेन्सिलने आधीच लिहून ठेवलं होतं: मराठी वाङ्मय, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र. वर कोपऱ्यात एक अक्षर, ‘क’. क गट. आमच्या कॉलेजची ही रीतच होती. ऑफिस पेन्सिलने लिहायचं, आपण त्यावर पेन फिरवायचा.

“तुमच्याच सोयीचा हाय,” क्लार्क म्हणाला. “साडेदहाले सुट्टी. कापूस वेचणीले जाता येते.”

मी पेन फिरवला. अक्षर चांगलं आलं. त्याची लाज मला रांगेच्या हसण्यापेक्षा जास्त वाटली, अजून वाटते.

तो कागद मी सहज लिहिला नव्हता. आदल्या हंगामात बापू, म्हणजे माझे वडील, कापसाची भरलेली बैलबंडी घेऊन बाजारात गेले आणि तशीच भरलेली परत घेऊन आले. काय झालं, तर बाहेर भाव पडला. त्या काळात प्रत्येक मोठा माणूस हेच बोलायचा. बाहेर पडला. बाहेरून आला. बाहेरच्यांनी ठरवलं. हे बाहेर कुठे आहे, तिथे कोण बसतं, हे मात्र एकालाही सांगता यायचं नाही. मी शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, देश एकमेकांशी कसे वागतात, करार कोण करतं, कोणाच्या शेतकऱ्याला कोण सांभाळतं, याचा एक वेगळा अभ्यास असतो. त्यांनी कुठूनसं दिल्लीच्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक मिळवलं आणि मला समोर बसवून त्यातून तीन विषय उतरवून घ्यायला लावले. वर बजावलं, “पहिल्या वर्षी जे घेशील ते तीन वर्षं सुटत नाही. पहिल्याच फॉर्मला चुकू नकोस.”

मी पहिल्याच फॉर्मला चुकले.

त्या पावसाळ्यात पावसाने दडी मारली. दुबार पेरणी झाली. तांड्यावरचे पुरुष हळूहळू बोलेनासे झाले. भांडणंसुद्धा बंद झाली, आणि त्याची जास्त भीती वाटायची. बाया फवारणीच्या औषधाचे डबे घरात ठेवेनात. याडीने आमचा डबा घरामागे खड्डा करून पुरला. काहून पुरला, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एकदा भर दुपारी शेजारच्या तांड्यावरून रडण्याचा आवाज आला. तेव्हापासून आमच्या बाया दुपारी कामावरून मध्येच घरी यायच्या, घरातला माणूस जागेवर आहे ना एवढं बघायच्या आणि परत जायच्या. पाणी प्यायला आले म्हणायच्या.

आणि मी वर्गात टेबल मांडायला शिकत होते. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, नॅपकिनची घडी त्रिकोणी. ताटं रिकामीच असायची.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी गृहअर्थशास्त्राच्या मॅडमनी मला हजेरीबुक आणायला ऑफिसात पाठवलं. क्लार्क जागेवर नव्हता. टेबलावर एक रजिस्टर उघडं पडलं होतं. वर महिना लिहिला होता, मे. त्यात बारावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलींची नावं गावनिहाय उतरवलेली होती. गावातल्या, म्हणजे वकील-मास्तर-अधिकाऱ्यांच्या मुलींच्या नावापुढे एक शब्द होता, ‘विचारणे’. सरांची पुतणी त्यातच होती. तांड्यांवरच्या अकरा जणींच्या नावापुढे ‘क’. माझं नाव सातवं. खाली सरांच्या अक्षरात एक ओळ: गृहअर्थशास्त्र, अध्यापक पद टिकवण्यासाठी विद्यार्थिनी संख्या पूर्ण.

मे महिना. तेव्हा आमचा निकालसुद्धा लागला नव्हता.

मी लहानपणापासून याद्या करते. बाजाराची, पुस्तकांची, कोणत्या दिवशी कोणतं काम त्याची. यादी करणारी मीच, असं मला वाटायचं. वहीच्या मागच्या पानावर मी ती अकरा नावं तशीच उतरवली, हजेरीबुक उचललं आणि वर्गात येऊन जागेवर बसले. मॅडमनी त्रिकोणी घडी पुन्हा करून दाखवायला सांगितली. मी करून दाखवली.

फलकावर नोटीस होती. विषयबदलाचे अर्ज शुक्रवारी चारपर्यंत. दोन दिवस. मी उरलेल्या दहा जणींना गाठलं. रजिस्टरचं सांगितलं. एक म्हणाली, “तू लई शानी हायेस. सरायशी भांडून कुठं राह्यता येते का?” दुसरी म्हणाली, “दिवाळीनंतर लगन हाये माह्यं. कोन्ता का इषय असेना.” बाकीच्या नुसत्या ऐकून गेल्या.

गुरुवारी चुलीपाशी याडीने विचारलं, “उद्या मी येऊ का संग?”

“नको,” मी म्हणाले. “तू माफी मागशील.”

तव्यावरची भाकर करपली, तरी तिने उलटली नाही. हे वाक्य मी तिला बोलायला नको होतं. पण ते खरं होतं.

शुक्रवारी तीन वाजता मी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले. अर्ज घरूनच पेनने लिहून नेला होता, दोन प्रतींत.

सरांनी वाचला. या वेळी मनात वाचला. रांग नव्हती.

“गृहअर्थशास्त्रात वाईट काय आहे? शेवटी घरच सांभाळायचं आहे ना?”

“वाईट नाही, सर. मी मागितलं नव्हतं.”

“अर्थशास्त्र झेपणार नाही. नापास होशील.”

“माझ्या विषयात होईन.”

“हे बघ, तुम्हा मुलींच्या भल्यासाठीच आम्ही हे गट करतो. तुमची वेचणी, तुमच्या घरचं, सगळा विचार करून.”

“सर, रजिस्टरमध्ये तुमच्या पुतणीच्या नावापुढे ‘विचारणे’ लिहिलंय. माझ्या नावापुढे ते नाही. आता विचारा.”

क्लार्कने मान खाली घातली. सरांनी विचारलं नाही. त्यांनी माझा अर्ज ओढला आणि समासात लिहिलं, ‘मंजूर, विद्यार्थिनीच्या स्वतःच्या जबाबदारीवर’. खाली सही केली.

मी दुसरी प्रत पुढे केली. “पोच द्या.”

“पोच कायले पायजे तुले?” क्लार्क म्हणाला. “इश्वास नाही का आमच्यावर?”

“नाही.”

त्याने शिक्का मारला. तो पहिल्यांदा नीट उमटला नाही. मी पुन्हा मारायला लावला.

तीन वर्षांनंतर मी दिल्लीच्या त्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. बाहेर कोण बसतं, करार कसे होतात, हे तिथे शिकले. पण मी शिकले म्हणून काही बापूंची बंडी बाजारात रिकामी झाली नाही. आणि त्या दहा जणी पुढे कुठल्याच वर्गात दिसल्या नाहीत. त्यांची नावं असलेलं वहीचं पान माझ्याकडे आहे. त्यातल्या दोघी आता विधवा आहेत. डबे पुरून सगळी माणसं वाचली नाहीत.

आता फॉर्म कॉम्प्युटरवर भरतात. गेल्या जूनमध्ये भाचीला घेऊन त्याच कॉलेजात गेले. खिडकीतल्या माणसाने तिचं नाव आणि गाव टाकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. विषय आधीच निवडलेले होते.

“तुमच्याच सोयीचा गट हाय, मॅडम,” तो म्हणाला.

भाचीचे विषय तिथेच बदलून घेतले. तेवढ्यात तिच्या मागे उभ्या असलेल्या चार पोरी शेजारच्या खिडकीवर तशीच सही करून निघूनही गेल्या होत्या. त्यांना मी थांबवू शकले नाही.

यंदा प्रवेश सुरू होतील त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी फाटकापाशी असेन, आणि शेवटच्या दिवसापर्यंत रोज असेन. सतरंजी, विषयबदलाचे कोरे अर्ज, शाईचे पेन काढून ठेवले आहेत. जिल्ह्यात नेरपासून केळापूरपर्यंत ओळखीच्या शिक्षकांकडून बारावीच्या मुलींची नावं आणली आहेत, तांडे आणि कोलामांचे पोड धरून. सगळी एका रजिस्टरमध्ये उतरवली आहेत. प्रत्येक नावापुढे मी शाईने एकच शब्द लिहिला आहे.

विचारणे.