न्हाय आणि गाय

विमानतळाला लागून असलेल्या सांबरा गावच्या जयवंताचं सातवीपर्यंतचं शिक्षण आजोळी, कन्नड शाळेत झालं. घरात बोलणं मराठी, पण लिहायचं झालं की हात कन्नड अक्षरांकडंच वळायचा. पन्नाशीला आल्यावर तिनं एका वहीत चार ओळी उतरवल्या. वही पडली सून रचनाच्या हाती. रचनाला दोन्ही लिप्या यायच्या.

"आत्या, लिवलंय कन्नडात, पर वाचलं की मराठी हाय की हे!"

"माझ्या डोक्यात तसंच येतंय गं."

रचनानं सासूला मराठी अक्षरं गिरवायला बसवलं. तीन महिन्यांत जयवंता अडखळत का होईना, वाचायला लागली. मग दर बुधवारी संध्याकाळी ती गावच्या वाचनालयात जाऊ लागली. तिथं मारुतीराव, निवृत्त शिक्षक, कविता शिकवायचे. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, त्यात ही एकटी डोईवर पदर घेतलेली. अभंगाची अक्षरं सरांनी तिला बोटांवर मोजायला शिकवली. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलं पाहिजे. शेतात तण भांगलतानाही तिची बोटं हलायची.

गावातल्या मराठी संमेलनासाठी तिनं कविता दिली. सुरुवात अशी होती:

डोईवर गेलं
विमान, ही गाय
बघतबी न्हाय
चरतीया

सरांनी लाल पेन काढलं. "कविता छापायची आहे, जयवंताबाई. 'बघतही नाही' करू या."

जयवंतानं बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"अक्षरं भरत्यात, सर. पर 'गाय'ला जोड कुठली? तुमीच सांगितलंय, दुसरं-तिसरं जुळाय पायजे."

सर थांबले. ओठांतल्या ओठांत दोन्ही ओळी म्हणून बघितल्या आणि हसले. "बरोबर आहे तुमचं. पण व्यासपीठावर लोक हसले तर?"

"हसू देत की. गायीवर हसणार, न्हायतर माझ्यावर. दोनीबी सांबऱ्याच्याच."

पेनाचं टोपण परत बसलं.

संमेलनाच्या दिवशी तिनं कागद हातात धरला, पण त्यात बघितलं नाही. 'बघतबी न्हाय'ला मांडवात हशा पिकला. ती थांबली, हसू विरू दिलं आणि पुढचं कडवं मोठ्यानं म्हणाली. उतरताना मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आक्का, आणि एकदा!"

ती दोन पायऱ्या उतरली होती. तशीच वळली आणि माइकपाशी जाऊन उभी राहिली.