रांजणाखालची नळी

"गुठळी आवळलीच नाही, सर," मी सांगितलं, आणि सर्जनसाहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"दोन तास झाले?"

"वर दहा मिनिटं."

"मग ऑपरेशन कॅन्सल. मुंबईला पाठवा यांना."

मुंबईला म्हणे! पेशंट होत्या कोरीट गावच्या रुखमाबाई. गर्भाशयात गोळा, दर महिन्याला इतका रक्तस्राव की अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. नवरा दारातच उभा होता. तो मला म्हणाला, "बाई, मुंबईमा आमनं कोन शे? तिले घर लई जातस आते." घरी नेणं म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. रुखमाबाई तर वळकटी बांधायलाही लागल्या.

हे साठच्या दशकातलं. नंदुरबारच्या आमच्या दवाखान्यात मी एकटी लॅब टेक्निशियन. सर्जनसाहेब पंधरा दिवसांतून एकदा धुळ्याहून यायचे नि संध्याकाळी परत जायचे. रुखमाबाईंचा स्राव गोळ्यामुळेच आहे, की रक्तातच दोष आहे, हे त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं. दोष रक्तात असेल तर टेबलावर रक्त थांबणार नाही.

टेस्ट साधी होती. काचेच्या नळीत रक्त घ्यायचं. ते गोठतं, त्याची गुठळी होते. रक्तातले प्लेटलेट नावाचे बारीक कण मग ती गुठळी आतून ओढून आवळतात, धुतलेला कपडा पिळावा तशी, आणि कडेला पिवळसर पाणी सुटतं. तासा-दोन तासांत हे दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर प्लेटलेट कमी आहेत, नाहीतर कामचुकार आहेत. नळीला अंगाइतकी ऊब मात्र लागते. आमच्याकडे ऊब द्यायचं यंत्र नव्हतं, पण एप्रिलमध्ये नंदुरबारात ते हवंय कुणाला? खोलीतला थर्मामीटर सकाळीच सदतीसवर. नळी स्टँडला लावून मी वॉर्डात नमुने घ्यायला गेले. परत आले तर गुठळी होती तशीच.

रिपोर्ट देऊन आले नि चिडचिड करत टेबल आवरायला लागले. रुखमाबाईंची नळी उचलली तर बोटांना गार लागली. बुडाला ओली रेती चिकटलेली.

"जमनाबाई!"

जमनाबाई आमची आया. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, आणि मला घाबरायची असं मला उगाच वाटायचं.

"ही नळी कुठे होती?"

"रांजनखाले," ती खुशीत म्हणाली. "केवढं ऊन शे, बाई! तुम्ही गयात नी मी लगेच रेतीमा ठेवी दिन्ही. तुम्ही येवाना पहिले काढी लिन्ही."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच सांगेल शे ना!"

खरं होतं. फ्रिज नसल्यामुळे आम्ही बाकीचे नमुने पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या रेतीत ठेवायचो. मागच्याच उन्हाळ्यात एक नळी बाहेर राहिली म्हणून मी तिला अख्ख्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं होतं. का, कशासाठी, ते सांगायची तसदी मी घेतली नव्हती. ती बिचारी इमानेइतबारे हुकूम पाळत होती.

मी धावतच सर्जनसाहेबांकडे गेले. "सर, चूक माझी आहे. नळी गारव्यात राहिली. मला आणखी दोन तास द्या."

"माझी गाडी चुकली तर?"

"चुकू दे, सर!" तोंडातून निघून गेलं. ते हसले. "बरं. तीनपर्यंत."

रुखमाबाईंचं रक्त पुन्हा घेतलं. माझंही घेतलं आणि दोन नळ्यांत घातलं, एक स्टँडला, एक मुद्दाम रेतीत. या वेळी मी जागची हलले नाही. तासाभरानं रुखमाबाईंची गुठळी कडा सोडायला लागली. दोन तासांनी ती मस्त आवळून मधोमध उभी, भोवती स्वच्छ पिवळं पाणी. स्टँडवरच्या माझ्या नळीतली गुठळीही तशीच आवळलेली. रेतीतली मात्र ढिम्म! मला नाचावंसं वाटलं.

तीन वाजता ऑपरेशन झालं. रक्त वेळेत थांबलं. सर्जनसाहेबांची गाडी काही चुकली नाही. दहाव्या दिवशी रुखमाबाई आपल्या पायांनी चालत घरी गेल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं, की प्लेटलेटमध्येही स्नायूंसारखंच मायोसिन नावाचं प्रथिन असतं. एक एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, तेव्हा कुठे ते जोर लावून ओढतं. गारव्यात हा सगळा कारभार मंदावतो. तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. तरी त्या संध्याकाळी मी जमनाबाईला शेजारी बसवून माझ्या परीनं समजावलं: "ही गुठळी मूठ आवळते. थंडीत आपली बोटं आखडतात ना, तसं तिचं होतं. तिला अंगाची ऊब लागते."

"आस्सं! मंग पहिलेच सांगानं ना," ती म्हणाली.

त्यानंतर कारण सांगितल्याशिवाय मी कुणाला हुकूम सोडला नाही. पण त्याचेही परिणाम असतात. पुढच्या वेळी हीच टेस्ट लावून वॉर्डात गेले. दोन तासांनी परत येते तर झाडू कोपऱ्यात, बादली कोरडी, आणि स्टँडवर नळी नाही. जमनाबाई स्टुलावर ताठ बसलेली, डावा हात अंगाशी घट्ट धरून.

"नळी कुठाय?"

"काखमा शे," ती म्हणाली. "सकायपासीन हालनी नही मी."