छकुलीचं छापलेलं नाव

आमच्या छकुलीचं पाळण्यातलं नाव प्रतीक्षा. तिसरीत तिला फळा दिसेना झाला. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारून सांगितलं, आतला पडदा वाळत चाललाय, औषध नाही, दोन वर्षांत सगळंच जाईल. गुरुजी म्हणाले, घरीच शिकवा.

मग माझी सून सारजा धारा काढून झाल्या की गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं हातभर अक्षरं काढायची. छकुली भिंतीला नाक लावून वाचायची, शेजारी मी. मेंढरांमागं जन्म गेलेली बाई, साठीत अ-आ-इ-ई शिकायला बसले. छकुली मला दम द्यायची, "आज्जी, तुझं अक्षर बसलेल्या म्हशीगत दिसतंय."

माझा ल्योक जोतीराम बारामतीहून शेतीचं साप्ताहिक आणायचा. ते काढणारे मोहनराव. शेतावर, पाण्यावर, पाखरांवर लिहिणाऱ्या माणसांना ते वर्षातून दोनदा उघड्यावर जमवायचे. नियम एकच, इथं बसून जे दिसेल तेच लिहायचं. चांगलं असेल ते छापून येणार. छकुलीनं हट्टच धरला.

"मला माझं छापलेलं नाव वाचायचंय. डोळं हायत तवर."

लांबचं तिला दिसत नव्हतं. ते मी सांगायचं, तिनं लिहायचं, असं ठरलं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मेळावा पळसदेवला धरणकाठी होता. पाणी उतरलं की तिथं जुनं देऊळ वर येतं. धरण व्हायच्या आधी आमच्या मेंढरांचा तळ त्याच देवळामागं पडायचा, हे मी तिला हजारदा सांगितलेलं. पण त्या साली पाणी उतरलंच नव्हतं.

"आज्जी, देऊळ दिसतंय?"

तिचं तोंड बघितलं आणि माझी जीभ घसरली. "दिसतंय की."

"पायऱ्या?"

"पायऱ्याबी. कोरड्या ठाक. लिंबाखाली दोन कोकरं बसल्यात."

तिनं भराभर लिहिलं आणि सगळ्यांपुढं उभी राहून म्हणून दाखवलं. माणसं पाण्याकडं बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. मोहनराव तिच्यापुढं उकिडवे बसले.

"बाळ, देऊळ अजून पाण्याखालीच आहे. हे मला छापता नाही येणार."

छकुलीनं माझ्याकडं तोंड वळवलं. वीतभर चुकून, दुसरीकडंच. "तू बघितलं न्हवतंस?"

"मी आठवलं गं."

"मी आठवायला सांगितलं न्हवतं."

एसटीत चढताना तिनं माझा हात घेतला नाही. पायरी चुकली, गुडघा फुटला. मेंढरू हरवलं तर हुडकता येतं. मी त्या पोरीचे सहा महिने हरवले होते.

दिवाळीनंतरचा मेळावा पणदऱ्याला, उसाच्या फडात. तोवर तिला उजेड आणि सावली एवढंच नीट कळायचं. या बारीला मी होतं तेच सांगितलं. ऊस, पाण्याच्या चारीत तुटकी चप्पल, बांधावर एक टिटवी आणि मोहनरावांच्या विजारीला ढोपरापर्यंत चिखल. तिनं सात ओळी लिहिल्या. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.

"हे छापतो," मोहनराव हसले, "चिखलासकट."

मी त्यांची बाहीच धरली. "साहेब, बिगी बिगी करा. पोरीचं नाव मोठं टाका."

"पुढच्याच अंकात, आजी."

पुढच्या अंकात जाहिराती जास्त आल्या, मजकूर राहिला. त्याच्या पुढच्यातही तसंच. दर आठवड्याला छकुली पानापानाला नाक लावायची. आम्ही अंक बघायचो, सारजा तिचे डोळे बघायची.

पाचव्या आठवड्याला आलं. जोतीराम रस्त्यावरूनच वरडत आला. छकुलीनं अंगणातल्या उन्हात पान धरलं, आडवं केलं, उभं केलं. मग बोट टेकवलं.

"दिसलं! आज्जी, हितंच हाय न्हवं?"

बोट खताच्या पोत्याच्या चित्रावर होतं. गोठ्याच्या दारातून सारजा मला मान हलवून खुणावत होती, व्हय म्हणा. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं.

"न्हाय गं," मी म्हणाले. तिचं बोट धरून खाली आणलं. "हितं."

बोट लई वेळ तिथंच राहिलं.

"धुकं हाय नुसतं," ती म्हणाली. "तू वाच."

मी पदरानं डोळे पुसले, कागद उन्हाकडं धरला आणि एकेक अक्षर लावायला लागले.

"सावकाश, आज्जी. बघून वाच. आठवून नको."