निळी बांगडी आणि वीतभर कंदील

माझ्या लग्नातल्या हिरव्या चुड्यात एक बांगडी निळी निघाली. आम्ही कासार. बांगड्या विकायच्या आणि बायांच्या हातात भरायच्या, हाच आमचा धंदा, आणि कासाराच्याच घरात येणाऱ्या सुनेच्या हाताची ही गत. चुडा दिवेलागणीला भरला तेव्हा कुणालाच काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात हात धुताना ती निळी मला दिसली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रिसोडला माहीत झाली. लग्नाचा चुडा हौसेनं उतरवायचा नसतो, काच फोडायची तर गोष्टच नको. म्हणून ती तशीच राहिली. पुढं घरकामात हिरव्या बांगड्या एकेक करून वाढल्या. आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्यांच्या जागी नव्या आल्या. ही मेली मात्र जात्यावर आपटली, विहिरीच्या काठावर आपटली, तरी वाढेना. नणंदा विचारायच्या, "वहिनी, रंग उडाला का वं बांगडीचा?" मी हसून सोडून द्यायची, पण आतून जळायची.

तो चुडा माझ्या चुलत सासऱ्यांनी भरला होता. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. धंदा तोच, पण गावं वाटून घेतलेली. माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला रिठदकडची गावं होती. दर साली लग्नसराईत ते पाठीवर बांगड्या घेऊन पायी निघत, गावोगाव मुक्काम करत, आणि घरोघरच्या नवऱ्या मुलींचे चुडे भरून परत येत. यालाच आम्ही फेरी म्हणत असू. आमच्या घराची चूल त्या फेरीवर चाले.

एका साली ऐन लग्नसराईच्या तोंडावर सासरे बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. माझे मालक वाशिमला कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांच्या हातात बांगडी दिली की ती वाढलीच म्हणून समजा, म्हणून सासऱ्यांनीच त्यांना या धंद्यातून कायमची रजा दिली होती. चुलत सासरे विचारपूस करायला आले, खाटेजवळ बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "दादा, या सालापुरती तुही फेरी मी करून टाकतो. रिठदचं मोठं लगन आहे म्हनतात."

'या सालापुरती' म्हणजे काय ते खाटेवरच्या माणसालाही कळत होतं आणि चुलीपुढं बसलेल्या मलाही. एकदा दुसऱ्याच्या हाताची सवय लागली की घरं परत येत नाहीत. सासऱ्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं. तरी मी चुलीपुढून म्हणाले, "काकाजी, तुमी कायले तरास घेता? आत्याबाई आन् मी जातो."

ते गेल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला चांगलीच झोडपली, अर्थात तोंडानं. मग पदर खोचून त्या माळ्यावरून बांगड्यांच्या लडी काढायला लागल्या. मी हात भरायला माहेरीच, जऊळक्याला, शिकले होते. माझ्या हातावर त्यांचा भरवसा होता. तसं त्या बोलून मात्र कधी दाखवायच्या नाहीत.

अडचण निघाली कंदिलाची. सासऱ्यांचा जुना कंदील चांगला गुडघ्याएवढा होता. सासूबाईंच्या डोक्यावर बांगड्यांची पेटी, माझ्या पाठीवर गोधडीत गुंडाळलेल्या लडी आणि त्यावर पिठामिठाचं गाठोडं. आता हा कंदील धरायचा कुणी? पाठीला बांधून पाहिला तर वाकलं की घासलेट सांडायचं. अंगणात नुसती एक चक्कर मारली तर पिठाला वास लागला. सासूबाई म्हणाल्या, "ह्या पिठाची भाकर खाल्ली त पोटात दिवा लागन." नवा, लहान कंदील घ्यायचं ठरलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी रिसोडच्या पेठेत एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी एक देखणा कंदील काढला. पितळी टाकी, हिरवट काच, कडीला नक्षी. लावून दाखवला तर उजेड इतका गार की डोळ्यांना बरं वाटलं. सासूबाईंनी पेटीतल्या दोन-चार बांगड्या त्याच्याजवळ धरल्या. हिरवा रंग असा खुलला की त्या हरखूनच गेल्या. "हाच घेऊ. याच्या उजेडात माल पाहा कसा दिसून राह्यला."

दुकानदार म्हणाला, "तुमच्या घरच्या त्या काकांनी माह्याच इथून नेला असा. त्याले बरीच सालं झाली. ते तर म्हनतात, ह्या कंदिलावर माल दुप्पट खपते."

मी ऐकत होते. सहज माझा हात कंदिलापुढं गेला आणि मी थबकले. मला माझी निळी बांगडी दिसेना. मनगट फिरवलं, बांगड्या पुढंमागं केल्या. सगळ्या हिरव्यागार. हात उन्हात नेला, तर निळी आपली जागच्या जागी. परत आत आणला, तर गायब. इतकी वर्षं मी चुलत सासऱ्यांच्या डोळ्यांना दोष देत होते. दोष डोळ्यांचा नव्हता, त्या हिरव्या काचेचा होता. माल हिरवागार दिसावा म्हणून त्यांनी तो कंदील घेतला होता, आणि त्यानं बायांच्या आधी त्यांनाच फसवलं होतं.

मग मी दुकानदाराला काही सुचू दिलं नाही. "हा नाई पाहिजे. लहान दाखवा, पांढऱ्या काचेचा." त्यानं एक वीतभर उंचीचा काढला. मी त्यात घासलेट घालायला लावलं, बूच घट्ट लावलं आणि तो सरळ उलटा करून पदरात गुंडाळला. पदर ओला झाला. नापास. दुसरा बरा होता, पण त्याची वात वर केली की काचेवर काजळी धरायची. तोही परत. दुकानदार म्हणाला, "बाई, कंदील घेऊन राह्यल्या का जावई पाहून राह्यल्या?"

"जावई एकदा पाह्यला की झालं," सासूबाई म्हणाल्या, "कंदील त रोज पाहा लागते." त्या आता माझ्या बाजूला आल्या होत्या.

शेवटी त्यानं मागच्या कोठीतून एक कंदील आणला. पत्र्याचा, टाकीला पोचा आलेला, रूपानं अगदीच भिकार. तो उलटा केला तर थेंब गळला नाही. कडी मोडून खाली घातली की गाठोड्यात मावेल एवढाच. कोठीच्या अंधारात मी तो लावला आणि मनगट अगदी काचेजवळ नेलं. मोठ्या कंदिलाची धग इतक्या जवळ सोसवत नाही, याची सोसवली. ज्योतीसमोर धरलेल्या हिरव्या बांगड्या हिरव्या दिसत होत्या, आणि त्यांच्यात माझी निळी ढळढळीत निळी होती. ती बांगडी पाहून मला आनंद झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आम्ही निघालो. सकाळी आणि उन्हं उतरल्यावर चालायचं, दुपारी गावात बांगड्या भरायच्या, आणि दिवस मावळला की देवळाच्या ओट्यावर नाही तर गावाबाहेरच्या चिंचेखाली मुक्काम. तीन दगडांची चूल मांडायची, कंदील फांदीला अडकवायचा, भाकरी थापायची. वैशाखातला वारा कसा सुटतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पण तो पोचा आलेला कंदील विझला नाही. सकाळी तो गार झाला की फडक्यात गुंडाळून मी पाठीवरच्या गोधडीत खुपसायची, आणि दिवसभर पिठाला वास नाही. सासूबाई त्याला 'बाळ' म्हणायला लागल्या. "बाळ निजलं का?" असं विचारून मगच डोळे मिटायच्या.

रिठदला पोचलो तो लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. मोठं शेतकऱ्याचं घर. त्या घरच्या मुलींचे चुडे आमच्याच घरानं भरलेले. ओसरीवर पाहते तर चुलत सासरे आधीच येऊन बसलेले, शेजारी त्यांचा तो हिरव्या काचेचा कंदील. सासऱ्यांचा पाय मोडल्याची खबर त्यांनीच दिली होती आणि आपण होऊन आले होते. नवरीची आई पेचात पडली. दोन्हीकडं कासार एकाच घरचे. तिनं तोडगा काढला. "एक हात तुमी भरा काकाजी, एक हात ही सून भरन. ज्याचा हात चांगला, त्याच्याकडं आमच्या घरचा चुडा." चुलत सासरे हसले. मी गोधडीतून काढून ठेवलेल्या कंदिलाकडं बोट दाखवून म्हणाले, "सूनबाई, ह्या काडीपेटीच्या उजेडात हात भरतं का तू?"

त्या घरी चुड्याचा मान मामाचा, म्हणजे मामानं सुपारी ठेवल्याशिवाय हात भरायचा नाही. मामाच्या गाड्या आल्या त्या दिवे लागल्यावर. त्यामुळं जे व्हायला नको होतं तेच झालं, चुडा कंदिलावर भरायची वेळ आली. नवरीच्या उजव्या हाताशी चुलत सासरे बसले, डाव्या हाताशी मी. त्यांचा हात भरभर चालत होता, नाही म्हणणार नाही. मी प्रत्येक बांगडी ज्योतीसमोर धरून पाहत होते. भोवतीच्या बाया कुजबुजायला लागल्या, "ही त रात्रभर भरन." सासूबाई कंदील धरून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भरू दे तिले."

माझा हात भरून झाला. मग मी सासूबाईंच्या हातातला कंदील घेतला आणि नवरीच्या उजव्या हाताजवळ नेला. मधोमध निळी होती. तिच्या पलीकडं आणखी एक.

गप्प बसणाऱ्यातली मी नाही. "काकाजी, ह्या दोन निळ्या आहेत."

चुलत सासरे लाल झाले. "डोये तपास पोरी. तुह्या कंदिलाची काच खराब आहे." त्यांनी आपला कंदील पुढं केला. खरंच, त्यात सगळा हात हिरवागार. नवरीची आई एकदा या उजेडात पाहायची, एकदा त्या. कोणता उजेड खरा बोलतो ते तिनं ठरवायचं कसं?

मग मी माझा हात चुलत सासऱ्यांच्या कंदिलाखाली धरला. "ह्या हातात एक निळी आहे. तुमीच भरली. साऱ्या रिसोडले माहीत आहे. तुमच्या कंदिलावर ती मले काढून दाखवा."

त्यांनी माझं मनगट निरखलं. डोळे बारीक केले. एका बांगडीवर बोट ठेवलं, उचललं, दुसरीवर ठेवलं. मी त्या बोटाखाली माझा कंदील आणला. बोटाखालची बांगडी हिरवी होती आणि तिच्या शेजारची निळी. बाया हसल्या. चुलत सासरे हसले नाहीत, पण त्यांनी आपल्या कंदिलाची वात खाली केली.

आता खरी कसोटी होती. भरलेला चुडा उतरवायचा, तोही लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि नवरीचे चुडे तंग भरलेले असतात. एक जरी बांगडी वाढली असती तर अपशकुनाचं खापर माझ्या माथी फुटलं असतं आणि रिठद कायमचं गेलं असतं. मी नवरीच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला, म्हणजे हात रिकामा राहत नाही. साबणाचा फेस केला. सासूबाईंनी कंदील अगदी मनगटाशी धरला. त्यांचा हात अवघडला असणार, पण त्या हलल्या नाहीत. मी अंगठा आत दुमडला, हाड दाबलं आणि एकेक बांगडी पुढं सरकवत काढली. निळ्या बाजूला ठेवल्या, त्यांच्या जागी आमच्या पेटीतल्या दोन घेतल्या आणि सगळ्या हिरव्या परत भरल्या. एकही वाढली नाही. नवरीनं साधं 'हाय'सुद्धा केलं नाही. उठून ती आधी सासूबाईंच्या पाया पडली, मग माझ्या. मला इतका आनंद झाला होता की आशीर्वाद द्यायचा मी विसरले, तो सासूबाईंनी दिला.

नवरीच्या आईनं आमच्या दोघींच्या ओटीत नारळ घातले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या घरचा चुडा तुमचाच. पोरी, पुढच्या साली तूच ये."

सकाळी चुलत सासरे आमच्या आधी उठून बसले होते. माझा कंदील हातात घेऊन उलटसुलट पाहत होते. मला पाहून म्हणाले, "सूनबाई, असा कुठी मिळते?" मी त्यांच्याच दुकानाची मागची कोठी सांगितली. त्यांनी भरलेल्या त्या निळीपायी तेवढं तर मी त्यांचं देणं लागतच होते.

घरी आलो तेव्हा सासरे खाटेवर उठून बसले होते. सासूबाईंनी सगळी हकीकत सांगितली, वाटेत पुष्कळ तिखटमीठ लावून. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले. मग खाटेखालची हिरव्या बांगड्यांची लड ओढून म्हणाले, "आण पोरी हात. ती निळी काढून चांगली हिरवी भरून देतो. लय सोसलं तुनं."

मी हात मागं घेतला. "राहू द्या मामाजी. कंदील पारखाले लागते."