तांदळातलं कार्ड

कारखानदार वस्तू जोडून विकतात ते केवळ गिऱ्हाइकाला ती घरी नेता यावी म्हणून, आणि एकदा घरी आली की ती सुटी करून ठेवणं हे शहाण्या माणसाचं पहिलं कर्तव्य, असं मानणारा माणूस उभ्या सिंधुदुर्गात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. देवबागला खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूवर त्यांचं घर आहे. पुढच्या दारातून समुद्राचा वारा येतो, मागच्या दारातून खाडीचा, आणि दोन्ही खारे. चाळीस वर्षं मामांनी होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. पावसाळ्यात होडी वर ओढायची, इंजिन उतरवायचं, खोलायचं, पुसायचं, तेल लावून ठेवायचं, हा तिथला रिवाज. मामांनी तो बारमाही केला आणि इंजिनापुरता ठेवला नाही. "खाऱ्या वाऱ्यात जोडलेली वस्तू ठेवल्यार ती एकजीव होता. मगे सुटणा नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे त्यांच्या घरी टॉर्च ओसरीवर असतो आणि त्याचे सेल स्वयंपाकघरात. वीज गेली की सेल शोधायला टॉर्च लागतो. कुकरची शिट्टी एका डब्यात, रबर दुसऱ्या डब्यात, आणि मामी रोज सकाळी भाताआधी कुकर जुळवतात. "एक दिवस माकाय सुटी करून डब्यात भरतले," असं मामी म्हणतात, पण कौतुकाने नव्हे. मी घाटावरचा, मालवणच्या शाळेत मराठी शिकवणारा, म्हणजे मामांच्या लेखी हाताने काहीही न येणारा जावई. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खिशातलं पेन बघायला म्हणून घेतलं आणि टोपण, स्प्रिंग, रिफील असं ताटलीत ओळीने मांडून परत दिलं. "आता टिकतलां," म्हणाले.

पण मामांची ख्याती या खोलाखोलीमुळे नव्हती, ती कानामुळे होती. खाडीतून होडी येताना नुसत्या आवाजावरून ते ओसरीत बसून सांगत, होडी कोणाची, इंजिन कितव्या वर्षातलं, आणि मालकाने कशात कंजुषी केली आहे. अर्ध्या जेवणातून उठून, किनाऱ्यावर जाऊन, एका अनोळखी होडीवाल्याला "तुझो प्लग गेलो. परवा बंद पडतला," असं सांगून परत पानावर बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे. होडी परवा बंद पडली. मालवणात कंपनीचा मेकॅनिक आला, त्याच्याकडे इंजिनाला वायर लावून दोष दाखवणारं यंत्र आलं, तरी देवबागचे होडीवाले आधी मामांकडे यायचे. पण दोनेक वर्षांपूर्वी हा कान उतरू लागला. हे पहिल्यांदा मामींना कळलं, मग वाडीला कळलं, आणि मामांना कळलेलं नाही असं सर्वांनी धरून चाललं. मामांचं म्हणणं वेगळंच होतं. अलीकडचं पेट्रोल पातळ येतं, त्यामुळे इंजिनं हळू वाजतात. मामींनी त्यांना ओढत कुडाळला एका तपासणी शिबिरात नेलं आणि कानाचं यंत्र मिळवलं. मामांनी त्याच संध्याकाळी ते नीट सुटं केलं. तेव्हापासून त्याचा सेल एका डब्यात आहे, बाकीचं दुसऱ्या डब्यात आहे, आणि दोन डब्यांची पुन्हा गाठ पडलेली नाही.

त्याच सुमारास म्हापशाला असलेल्या त्यांच्या लेकीने त्यांना स्मार्टफोन पाठवला. त्यात आवाज रेकॉर्ड करता येतो हे कळल्यावर मामांना सुचलं की गावातलं प्रत्येक इंजिन धडधाकट असताना त्याचा आवाज भरून ठेवायचा. उद्या ते आजारी पडलं, तर पहिला आवाज लावायचा, आताचा ऐकायचा, आणि फरक पकडायचा. "विसरूक नको म्हणान," एवढंच ते म्हणाले. मनातून उतरत चाललेली विद्या डब्यात भरून ठेवायची ही धडपड होती, हे आम्हाला समजत होतं. पण फोनमध्येच आवाज ठेवणं म्हणजे सगळं जोडून ठेवणं. मामांना हवं होतं सुटं होणारं काहीतरी, आणि मेमरी कार्ड नावाची नखाएवढी वस्तू सुटी मिळते हे ऐकून त्यांचा आधुनिक विज्ञानावर विश्वास बसला. कार्ड आणलं. आता ते घालायचं कुठे? मागचं झाकण उघडेना. मामांनी मासे पकडायचा बारीक गळ सरळ केला आणि फोनला खाली जे भोक दिसलं त्यात खुपसला. ते भोक माइकचं होतं. पुढचे आठ दिवस मामांना सगळ्यांचं बोलणं जेवढं ऐकू जात होतं तेवढं जात होतं, पण मामांचं कोणालाच ऐकू जात नव्हतं. हा फोन दुरुस्त करण्याची काही गरज नाही असं मामींचं स्पष्ट मत पडलं.

माइक बदलून झाल्यावर मी त्यांना कडेची बारीक पट्टी दाखवली, तिच्यातलं टाचणीएवढं भोक दाखवलं. गळ तिथे टोचताच छोटा खण बाहेर आला. एका खाचेत सिम, दुसरीत कार्ड. मामांनी तो खण बराच वेळ उलटसुलट बघितला. "शिकलेल्या माणसान केलां ह्यां," ते म्हणाले, आणि फोनला त्यांच्याकडून मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. मग त्यांचा नेम सुरू झाला. दिवसभर किनाऱ्यावर फिरून इंजिनांचे आवाज भरायचे. प्रत्येक आवाजाआधी स्वतः खणखणीत घोषणा करायची: "ही बस्त्यावाची होडी. सकाळ. भरती. प्लग नवो." दिवेलागणीला ओसरीत बसून गळाने खण उघडायचा, कार्ड काढायचं, जुन्या लुंगीच्या मऊ तुकड्याने पुसायचं आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कोरड्या तांदळात ठेवायचं. तांदूळ दमट हवा ओढून घेतो म्हणून. डबी देवापुढे, आणि फोन खिडकीला टांगलेला. खण ओढला की सिमही बाहेर येतं, त्यामुळे संध्याकाळनंतर लेकीचा फोन लागत नसे आणि ती घाबरून शेजाऱ्यांना फोन करी. शेजाऱ्यांनाही सवय झाली. "कार्ड काढल्यानी," एवढं सांगून ते ठेवून देत.

असे सहा महिने गेले. मग एके दिवशी फोनने जागा भरल्याची तक्रार केली आणि मामांनी मला बोलावून घेतलं. मी कार्ड उघडून पाहिलं. ते रिकामं होतं. अगदी कोरं, जसं दुकानातून आलं तसं. रेकॉर्ड केलेलं कुठे ठेवायचं हे फोनला एकदा सांगावं लागतं, ते कोणी सांगितलंच नव्हतं. देवबागची सगळी इंजिनं फोनच्या पोटात होती आणि तो फोन सहा महिने खिडकीत खारा वारा खात होता. इकडे रोज पुसलं जात होतं, तांदळात निजत होतं, देवापुढे बसत होतं ते एक रिकामं कार्ड. मी हसू दाबून हे त्यांना सांगितलं. मामा म्हणाले, "मगे काय झालां? कार्ड बरां रवलां मा?" सेटिंगमध्ये जाऊन मी आवाज कार्डावर हलवले, पुढचेही तिथेच जातील अशी सोय केली. मामी आतून म्हणाल्या, "तांदूळ फुकट गेले." पण आता कार्डात खरोखरच आवाज होते, म्हणून त्या दिवसापासून मामा ते काढताना दोन बोटांऐवजी चार बोटं वापरू लागले.

यंदा पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या आणि मामांची नवी तक्रार सुरू झाली. कार्डातला आवाज बारीक झाला. त्यांनी कार्ड पुसलं, तांदूळ बदलला, डबी बदलली. कार्डाला वारं लागलं म्हणून तीन दिवस ते काढलंच नाही, आणि मामांच्या बाबतीत हे उपोषणापेक्षा मोठं. शेवटी मला घेऊन ते मालवणच्या बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात आले. दुकानदार चांगला पोक्त माणूस. त्याने कार्ड घातलं आणि पहिलाच आवाज पूर्ण मोठा करून लावला. भर बाजारात होडी शिरली. फोनची कव्हरं निवडणाऱ्या दोन बाया मागे सरकल्या, समोरचा फुलवाला उठून बघायला आला. मामा मात्र कानामागे तळवा धरून, फोनवर ओणवे होऊन उभे. "बघलास? बारीक. कार्ड बसलां."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काचेतल्या चार्जरकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसाने तेच कार्ड बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं, त्यावर फुंकर मारली आणि परत बसवलं. "काका, मीठ बसलां होतां. आता बघा." पुन्हा होडी बाजारात शिरली. मामांनी ऐकलं. दुकानदाराच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "हां," ते म्हणाले, "आता उघडलो."

एसटी स्टँडवर देवबागच्या गाडीला वेळ होता. मामा बाकावर बसले, खिशातली डबी काढली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "मास्तरांनू, तेणा केल्यान तां मी पण करत होतंय. इंजिनाक काय नसायचां, मालक उगाच घाबरलेलो असायचो. मी स्क्रू अर्धो फिरवून परत बसवायचंय. 'आता बघ' म्हणायचंय. तो खूश." खिशातली डबी वरूनच चाचपत ते म्हणाले, "कार्डाक काय झालां नाय. झालां तां माझ्या कानाक." यावर काहीतरी बोलणं माझं काम होतं. पण हळू बोलावं तर त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि मोठ्याने बोलावं तर सगळ्या स्टँडने ऐकलं असतं. जगात मोठ्याने करता येत नाहीत अशा गोष्टींत सांत्वन पहिलं. मी नुसता त्यांच्याजवळ सरकून बसलो.

पुढच्या रविवारी सकाळीच बस्त्याव इंजिन घेऊन मामांच्या अंगणात आला. होडी हळू चालवली की इंजिन मरत होतं आणि त्याची मासेमारी बुडत होती. तो मामांचा जुना माणूस, तरी बोलता बोलता म्हणालाच, "काका, नाय जमला तर मी मालवणाक नेतंय. यंत्र लावून बघतत." मामांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कळलं नक्की. एक जरी इंजिन त्या यंत्राकडे गेलं असतं तर मागोमाग सगळी गेली असती, आणि मामा सुटे झाले असते. त्यांनी तांदळातून कार्ड काढलं, फोनमध्ये घातलं, बस्त्यावाचा आवाज शोधला आणि फोन माझ्या हातात दिला. "आयका," म्हणाले. "तुमी."

मी ऐकलं. भरती, सकाळ, प्लग नवा, आणि मग सरळ चाललेलं इंजिन. मग पाण्याच्या पिंपात बुडवून बस्त्यावाने खरं इंजिन सुरू केलं. मामांनी मला ओरडून विचारलं, काय फरक? मी ओरडून सांगितलं, "जरा कर्कश वाटतंय!" मामा चिडले. "कर्कश तां शाळेत! हयसर ठोके मोजा! चुकता खंय?" मी डोळे मिटले. पंधरा वर्षं मुलांना अलंकार शिकवले, पण नुसतं ऐकायला मला कोणी शिकवलं नव्हतं. पुन्हा फोन, पुन्हा पिंप. बस्त्यावाने तीनदा इंजिन बंद करून तीनदा चालू केलं. तिसऱ्या वेळी मला ते सापडलं. "पाच-सहा ठोक्यांनी एकदा दम घेतो!" "जोरात चालवल्यार?" "तेव्हा नाही! हळू असतानाच!" मामांचा चेहरा एकदम निवळला. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळं कळलं होतं. "कार्बोरेटरचो बारीक जेट चोंदलो," ते म्हणाले, आणि त्यांचे हात कामाला लागले. हातांना काहीही झालेलं नव्हतं. जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या त्या बारीक छिद्रातून, मोहरीएवढा कचरा निघाला, मामांनी तो बस्त्यावाच्या तळहातावर ठेवला.

इंजिन पुन्हा सुरू झालं. मामा इंजिनाकडे बघतच नव्हते, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "आता?" मी फोन कानाला लावला, मग पिंपाकडे वाकलो, मग पुन्हा फोन. "सारखंच आहे, मामा." "सारखां म्हंजे सारखां?" "अगदी सारखं." मामांनी मान हलवली, हात पुसले आणि हळू म्हणाले, "बरां आयकतास तुमी."

पंधरा वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. बस्त्याव हसला, दारात उभ्या मामीही हसल्या, म्हणून मीही हसलो. आता दर रविवारी मी देवबागला जातो, ठोके मोजतो, ओरडून सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पण खरं सांगायचं तर ती शाबासकी मला नको होती. मामांना पूर्वीसारखं ऐकू येणार असेल, तर त्यांचा काहीही न येणारा जावई म्हणून जन्म काढायला मी आजही तयार आहे.