गूळ कमी पडू नये म्हणून

रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी तुषार काट्यावर उभा राहायचा, आकडा मोठ्याने ओरडायचा, आणि घरात हशा पिकायचा. फक्त सुलभाला हसू यायचं नाही. आकडा उतरत चालला होता. पोरगा खूश, त्याचा बाप खूश, जिन्यात भेटणारे पाठ थोपटत होते. आणि आईला मात्र पोळ्या लाटताना, शाळेत हजेरी घेताना, रिक्षात बसताना एकच दिसत होतं. पोरगा वाळत चाललाय.

त्यात वरच्या मजल्यावरच्या सरलाबाई. गुजराती मुलखातल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीत सगळ्यांची खबर ठेवणाऱ्या. दळणाचा डबा कमरेवर घेऊन त्या दारातच थांबल्या.

"सुलभाताई, तुना पोऱ्या किती वाळी गया वं! काही दुखस का त्याले?"

"नाही हो. मुद्दाम कमी करतोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, सांगतसच," असं म्हणून सरलाबाई निघून गेल्या. सुलभाचा तो दिवस काळजीतच गेला.

सुलभा बी.एस्सी. झालेली. मराठी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. जास्तीची चरबी शरीराला कशी घातक, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगायची. पण सकाळची वेळ, काटा आणि उतरणारा आकडा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिचं विज्ञान कुठल्या कुठे पळायचं. त्याला कारण होतं.

तुषार जन्मला तो दिवस भरायच्या आधी. दोन तळहातांत मावेल एवढा. काचेच्या पेटीत ठेवलेला. रोज सकाळी नर्स त्याला उचलून छोट्या काट्यावर ठेवायची आणि सुलभा दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची. आकडा दोन-चार ग्रॅमने चढला तर नर्स बोट वर करायची, मग सुलभाला चहा गोड लागायचा. उतरला तर नर्स नुसतीच पाठ फिरवायची. अशाच एका पाठ फिरवलेल्या सकाळी सुलभाने साक्रीकडच्या आपल्या माहेरच्या देवीला हात जोडले होते: याला वाढव, याच्या भारोभार गूळ तुझ्यासमोर तोलीन.

देवीने ऐकलं. जरा जास्तच ऐकलं, असं तिचा नवरा चंद्रकांत म्हणायचा. पेटीतून बाहेर आलेला पोरगा जो खायला लागला तो थांबेचना. आईला तरी कुठे थांबवायचं होतं? वाटीभर वरणभात संपला की दुसरी वाटी तयार असायची. त्याच्या गालांना खळ्या पडल्या, मग खळ्यांनाही खळ्या पडल्या.

नवस फेडायला मात्र उशीर झाला. कधी सुतक, कधी परीक्षा, कधी तापीचा पूर. शेवटी तुषार दहा वर्षांचा असताना सगळे माहेरी गेले. गूळ आणायची जबाबदारी सुलभाच्या थोरल्या भावाची, रामदासची. त्याने फोनवर विचारलं होतं, "पोराचं वजन किती?" सुलभा म्हणाली होती, "असेल तीसेक." कारण वजन कधी केलंच नव्हतं. रोज सकाळचा तो काटा एकदा सुटला, तो तिने पुन्हा घरात येऊ दिला नव्हता.

देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात तुषार मांडी घालून बसला, नवा सदरा, कपाळाला कुंकू. दुसऱ्या पारड्यात रामदास गुळाच्या भेल्या रचत गेला. एक, दोन, चार... सगळ्या भेल्या संपल्या, तरी तुषारचं पारडं जमिनीवरून हललं नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दुकान बंद करा रे, गूळ संपला!" आणि सगळा मंडप हसला. रामदास दुकानाकडे धावला, पण तोवर तुषार पारड्यातून उठून पळाला होता. मामाच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली सापडला. पुन्हा बसायला तयार झाला नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही कधी नाही.

नवस अर्धा राहिला.

शाळेत आरोग्य तपासणी असली की तुषारच्या पोटात दुखायचं. कॉलेजात एनसीसीचा फॉर्म त्याने फक्त वजनाच्या रकान्यापायी फाडून टाकला. आणि नशिबाचा खेळ असा की नोकरी लागली ती रिंग रोडवरच्या कापड मार्केटात, एका साडीवाल्याकडे, पार्सल रवाना करायची. दिवसभर साड्यांची पार्सलं काट्यावर चढवायची, वजन बघायचं, जाड पेनने वर लिहायचं. बिहारला जाणारं, मद्रासला जाणारं, प्रत्येक पार्सलचं वजन त्याला ठाऊक. स्वतःचं नाही. त्या काट्याला तो वळसा घालून जायचा.

गेल्या होळीनंतर मार्केटची लिफ्ट बंद पडली आणि चार जिने चढून तुषार असा धापा टाकायला लागला की शेठने स्वतः त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. रक्तात साखर काठावर आलेली. डॉक्टर म्हातारे, गुजराती, कमी बोलणारे. म्हणाले, "बधू पछी, बाकी सगळं नंतर. पहिलं काम, रोज सकाळी काट्यावर उभा राहा. घाबरायचं नाही. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. आठवडाभराचा कल बघायचा."

तुषारने काटा आणला, पण दोन दिवस तो खोक्यातच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी, आई न्हाणीघरात आणि बाप पेपरात आहे असं बघून तो हळूच त्यावर उभा राहिला. आकडा बघून त्याचा चेहरा पडला.

"किती?" पेपरातून आवाज आला.

तुषार काट्यावरून उतरायला लागला.

"माझा अंदाज एकशे दोन."

"...एकशे चार."

"हात्तिच्या! दोनाने हुकला," चंद्रकांतने पेपर खाली ठेवला. "उद्या बघतो तुला. ज्याचा अंदाज चुकेल त्याने चहा करायचा."

तुषारला वाटलं होतं बाप हसेल, किंवा व्याख्यान देईल. बाप चहा करायला उठला होता.

तिथून खेळ सुरू झाला. रोज सकाळी दोघे अंदाज सांगायचे, तुषार काट्यावर चढायचा, आणि रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात घोषणा करायचा, "यात्रीगण कृपया ध्यान दें, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा!" हरलेला चहा ठेवायचा. चंद्रकांत हरला की चहात आलं जास्त पडायचं. रात्री जेवण उशिरा झालं की आकडा चढायचा, हे त्यांना कळलं. लोणचं-पापड झालं की चढायचा. कोजागिरीनंतरच्या चंदी पडव्याला शेठने तुपात बुडवलेल्या घारी मिठाईचा डबा दिला आणि दुसऱ्या दिवशी आकडा दीड किलोने वर गेला, तेव्हा तुषार पोट धरून हसला. "पप्पा, घाऱ्या खाल्ल्या दोन. दीड किलोची घारी कुणी बनवतं का? हे नुसतं पाणी. चार दिवसांत जाईल." आणि गेलंच. पोरगा सकाळी काट्याला भीत नव्हता, संध्याकाळी कॅनॉल रोडवर चालायला जात होता, नव्या शर्टाची कॉलर उभी करून आरशात बघत होता.

सुलभा खेळात नव्हती. "मला नाही कळत तुमचं," म्हणून ती गॅसकडे वळायची. तिला दिसत होती दाराची काच आणि पाठ फिरवलेली नर्स. देवीने दिलं होतं, आपण शब्द पाळला नाही, आता ती दिलेलं परत घेतेय. किलो-किलोने.

मग दिवाळीनंतर एक गंमत झाली. आकडा अडला. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पुन्हा त्र्याऐंशी. चालणं तेवढंच, खाणं तेवढंच, पण काटा ढिम्म. तुषार चक्रावला. सुलभा धुळ्याला भाचीच्या साखरपुड्याला गेली, चार दिवस बापलेकांनी चंद्रकांतच्या हातची खिचडी खाल्ली, आणि आकडा लगेच उतरला. ती परत आली, आकडाही परत आला.

"पप्पा," तुषार जिन्यात हळूच म्हणाला, "मला एक शंका आहे."

"मलाही," चंद्रकांत म्हणाला. "पण पुरावा पाहिजे."

दोघांचे डबे एकसारखेच, पिशव्या वेगळ्या. तुषारची निळी, चंद्रकांतची लाल. चंद्रकांत पांडेसरातल्या एका मिलच्या ऑफिसात होता; त्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, म्हणून त्याच्या पोळ्या कोरड्या. खाली पार्किंगमध्ये, स्कूटर काढता काढता, दोघांनी पिशव्या बदलल्या. असा आठवडा गेला.

रविवारी सकाळी तुषारने घोषणा केली, "ब्याऐंशी पॉइंट सात! आणि आता फलाट क्रमांक दोनवर येत आहेत, पप्पा!"

चंद्रकांत काट्यावर चढला. "सुलभा, इकडे ये गं. आज तू पण अंदाज सांग."

"मला पोळ्या करायच्यात."

"माझं वजन आठवड्यात पाऊण किलो वाढलंय."

"वाढणारच. बसून राहता दिवसभर."

"बसून तर वीस वर्षं राहतोय. या आठवड्यात एवढंच वेगळं केलं, मी तुषारचा डबा खाल्ला."

सुलभाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "अहो, काय केलंत हे! आठवडाभर? तुम्हाला तूप चालत नाही माहितीये ना! डॉक्टरांनी किती वेळा..."

ती थांबली. बापलेक एकमेकांकडे बघत होते.

"कुठलं तूप?" चंद्रकांतने अगदी भोळ्या आवाजात विचारलं.

"कणकेतलं," तुषार म्हणाला. "भाजीतलंही. परवा पप्पांच्या फाइलवर बोटं उमटली होती, आई! मिलमधल्या साहेबांनी विचारलं, चंदूभाई, सुं वात छे, घरे लग्न छे?"

तुषार हसायला लागला, चंद्रकांत काट्यावरच हसायला लागला, त्यामुळे काट्याचा आकडा थरथरायला लागला, आणि सुलभालाही हसू फुटलं. पण हसता हसता तिला रडू आलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्हाला काय जातंय हसायला," ती म्हणाली. "तुम्ही पेटीच्या खोलीबाहेर उभे नव्हतात. मी होते. रोज सकाळी आकडा उतरला की मला वाटायचं, आज संपलं. आता हा रोज ओरडून सांगतो, उतरला, उतरला. आणि देवीचं तर द्यायचं राहिलंच आहे! तिने वाढवला, आम्ही दिलं नाही, आणि आता हा स्वतःच कमी होत चाललाय. एकशे चारातलं तिने दिलेलं किती उरलं? म्हणून घातलं तूप. घातलं!"

चंद्रकांत काट्यावरून खाली उतरला. तुषार आईजवळ गेला, तिच्या हातातलं लाटणं काढून बाजूला ठेवलं.

"आई, तेव्हा मी दीड किलोचा होतो. आता ब्याऐंशीचा आहे. अगं, त्या नर्सला आत्ता दाखवलंस तर ती दोन्ही हातांची बोटं वर करेल."

सुलभाने डोळे पुसले.

"आणि देवीला शंभर द्यायचेत तर शंभर दे ना. कोण अडवतंय? गूळ दुकानातून आणायचाय, माझ्या अंगातून नाही."

"देईन हो. पण तू बसतोस कुठे?"

तुषार काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा सगळे हसले होते, कारण माझं वजन कुणालाच माहीत नव्हतं. मामालाही नाही, मलाही नाही. आता तर सरलामावशींनासुद्धा माहिती असतं, रोज जिन्यातून विचारतात. तुषार, आज कितला? आता कोण काय हसणार? बसतो मी."

"खरं?"

"खरं. पण अट आहे. तूप बंद. आणि उद्यापासून तू पण अंदाज सांगायचा. हरलीस तर चहा."

"मी कशी हरेन? मी तुला पहिल्यापासून ओळखते," सुलभा म्हणाली, आणि तिच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी जुना तोरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या टाकायच्या आधीच पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. चंद्रकांत म्हणाला ब्याऐंशी पाच. सुलभाने पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. खांदे, मान, गालाची ती एक खळी, जी आता पुन्हा एकटी दिसायला लागली होती. "ब्याऐंशी सहा," ती म्हणाली.

"यात्रीगण कृपया ध्यान दें..." तुषारने मुद्दाम थांबून दोघांकडे पाहिलं. "ब्याऐंशी पॉइंट सहा!"

"चहा!" सुलभा टाळी वाजवून ओरडली. वरून सरलाबाईंनी कठड्यावरून वाकून विचारलं, "काय झायं वं?"

"आकडा उतरला!" सुलभाने खालूनच सांगितलं. आणि ते आपणच ओरडून सांगितलं, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

चंद्रकांत मुकाट्याने आलं किसायला लागला. सुलभाने ओट्यावरचा मोबाइल घेतला. रामदासदादा पहाटेच उठतो, आता गोठ्यातून आला असेल. पुढच्या पौर्णिमेला यायचं ठरवून टाकू. या वेळी त्याने विचारलं, पोराचं वजन किती, तर तिच्याकडे पक्का आकडा होता, आजचा, ताजा.

"आई, त्र्याऐंशी सांग. प्रवासात थोडं वाढेल," तुषार टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला.

"मी एकशे चार सांगणार आहे."

"अगं, वरचे वीस-बावीस किलो काय करशील?"

"मंडपात जेवढे असतील तेवढ्यांना वाटीन. हसणाऱ्यांना पहिला खडा." तिने चष्मा नाकावर सरकवला आणि दादाचं नाव शोधायला लागली. "या खेपेला दुकान बंद व्हायचं नाही."