डाव्या घोट्यावरच्या तीन फुल्या

हेलिकॉप्टर युनिटला माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. काम नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे फौजी दवाखान्यातलं. घर जानेफळ, तालुका मेहकर. युनिट पार उत्तरेला, बर्फात. जागेचं नाव लिहीत नाही. तिथे गाव नव्हतं, झाड नव्हतं, आणि पाणी प्यायचं तर आधी बर्फ वितळवावा लागायचा.

रोज पहाटे साडेपाचला मी दवाखाना उघडायचो. उडायच्या आधी प्रत्येक पायलटचं बीपी, नाडी, ताप बघायचा. नोंद माझी, सही डॉक्टरसाहेबांची. शिवाय वर्षातून एकदा पायलटचं मोठं मेडिकल व्हायचं, बोर्डासमोर. त्याचा फॉर्म तीन प्रतींत. तो वरच्या ऑफिसातून 'फिट' असा शिक्का घेऊन परत आला तरच माणूस उडणार. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर इंधनावर उडतं. कागदावर उडतं हो! मी सोळा महिने ते कागद सांभाळले, मला विचारा.

कॅप्टन विवेक इंगळे नवीन आले. मी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होतो.

"हवालदार, घर कहाँ?"

"महाराष्ट्र, सर. बुलढाणा जिल्हा. जानेफळ."

साहेब पट्ट्यासकट उभे राहिले. "अन् मी सोनाळ्याचा, आपल्याच जिल्ह्यातला! मंग इतक्या वेळचे आपण हिंदी काऊन झाडून राह्यलो भाऊ?"

त्या दिवसापासून चारचौघांत मी 'हवालदार वानखडे' आणि ते 'सर'. दोघंच असलो की मी 'भाऊ' आणि ते 'साहेब'. साहेब म्हणणं मी सोडलं नाही. पण त्या बर्फात कोणीतरी आपल्याला 'जेवले काय भाऊ?' म्हणतं, याचं सुख मी शब्दांत काय सांगू? सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची संत्र्यांची बाग होती. वडील लहानपणीच गेलेले. घरी माय एकटी.

एका रविवारी व्हॉलीबॉल खेळताना साहेबांचा डावा घोटा मुरगळला. डॉक्टरसाहेबांनी पट्टी बांधली, आराम सांगितला. दुपारी साहेब लंगडत दवाखान्यात आले, दार लावलं आणि खिशातून एक चिंधी काढली. चिंधीत चार बिब्बे.

"मायनं पेटीत टाकून देल्ले होते. लावून द्या."

"साहेब, मी फौजेत ट्रेनिंग घेतलेला माणूस. हे पाहिलं कोणी तं माही हवालदाराची फीत उतरते."

"बरं. मंग मीच लावतो अन् सगळा पाय जाळून घेतो."

तुम्हा लोकांना सांगायला नको. मुरगळलं की आपल्याकडे आधी बिब्बा, मग डॉक्टर. माझ्या स्वतःच्या पाठीवर आईनं घातलेल्या फुल्या आहेत. मला कळत होतं की हे करू नये. तरी केलं, कारण त्या चिंधीला घराचा वास होता. मी स्टोव्हवर सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली, आणि वर आलेल्या तेलानं घोट्यावर फुल्या काढल्या. पहिली नीट निघाली. दुसरीला साहेबांनी पाय ओढला, "माय वं!" म्हणाले आणि मोठ्यानं हसले. ती तिरपी झाली. तिसरी पुन्हा नीट.

दोन दिवसांनी सूज गेली. बिब्बा मात्र उतला. फोड आले, खपल्या पडल्या आणि तीन काळ्या फुल्या कायमच्या राहिल्या.

तीन आठवड्यांनी साहेबांचं वार्षिक मेडिकल. डोळे, कान, हृदय, सगळं उत्तम. तपासणारे डॉक्टर आपल्या भागातले नव्हते. त्यांनी घोटा पाहिला आणि लिहिलं, 'डाव्या घोट्यावर अज्ञात कारणाचे काळे व्रण. चर्मरोगतज्ज्ञांचा अभिप्राय येईपर्यंत उड्डाणास तात्पुरते अपात्र.'

झालं! फाइल फिरायला लागली. तज्ज्ञांनी दोन मिनिटांत पाहून लिहिलं की बिब्ब्याचा जुना डाग आहे, त्रास काही नाही. फाइल वरच्या ऑफिसात गेली आणि परत आली. शेरा होता, 'बिब्बा म्हणजे काय, खुलासा करावा.' खुलासा केला. परत आली. 'लावणाऱ्याचे लेखी निवेदन जोडावे.' साहेब म्हणाले, "मीच लावला असं लिहितो. तुमचं नाव कायले?" मी ऐकलं नाही. कमांडिंग ऑफिसर साहेबांसमोर, सीओ म्हणतो आम्ही, सरळ उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी मला लेखी ताकीद दिली. दिलीच पाहिजे होती. निवेदन गेलं. फाइल परत आली, कारण मी सही निळ्या शाईनं केली होती आणि त्यांना काळी हवी होती. अरे, माणूस जमिनीवर बसलाय आणि तुम्ही शाईचा रंग काय बघता!

साहेब ऑपरेशन्स रूममध्ये वायरलेसवर बसायचे. दुसरे उडायचे आणि हे त्यांना हवामान सांगायचे. एकदा चहा पिताना म्हणाले, "भाऊ, तुम्ही माह्या नोकरीत खराखुरा बिब्बा घातला." हसून म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी माझ्या वाटणीची सुट्टी मागितली. घरी फोन केला. बायको म्हणाली, "सुट्टी भेटली तं घरी काऊन नाई येत?" मी म्हटलं, एका माणसाचा पाय माझ्याकडून अडकलाय, तो सोडवून येतो. तिनं फार विचारलं नाही. फाइल काखेत मारून मी त्या वरच्या ऑफिसात गेलो.

तीन दिवस बाकावर बसलो. पहिल्या दिवशी ज्यांचं टेबल होतं ते रजेवर. दुसऱ्या दिवशी ते आले, पण शिक्का असलेलं कपाट बंद आणि किल्ली तिसऱ्याकडे. तिसऱ्या दिवशी मला एका म्हाताऱ्या बाबूंकडे पाठवलं. त्यांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी घड्याळ बघत होतो. शेवटी एका रिकाम्या खान्यावर त्यांनी बोट ठेवलं. ओळखीच्या खुणा.

"हवालदार साहब, ये निशान यहाँ लिखिए. पूरा लिखिए, कैसे हैं, कितने हैं."

"बाबूजी, इतने से कॉलम के लिए फिर वापस मत भेजिए."

"भेजूँगा नहीं. आप अभी लिखिए. खाली मत छोड़िए."

मी दात-ओठ खात लिहिलं. डाव्या घोट्यावर बाहेरच्या बाजूला बिब्ब्याच्या तीन फुल्या, मधली तिरपी. तिन्ही प्रतींवर लिहिलं, काळ्या शाईनं. बाबूंनी सही आणली, शिक्का मारला. फिट.

युनिटला पोचलो तेव्हा साहेब हेलिपॅडवर उभे होते. कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. हवालदाराला कॅप्टन मिठी मारत नाही. त्या दिवशी मारली. माझ्या आयुष्यात मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

त्यानंतर अकराव्या दिवसाची सकाळ. वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. सहा वाजता निरोप आला. उडणारे दोघं ठरले, कॅप्टन इंगळे आणि कॅप्टन थॉमस. थॉमस साहेब केरळचे, शांत माणूस, माझ्याकडून मराठीत 'बरं आहे' एवढं शिकले होते. मी दोघांचं बीपी घेतलं. इंगळे साहेबांची नाडी बहात्तर.

"येतो भाऊ. चहा ठेवा."

"ठेवतो साहेब."

थॉमस साहेब म्हणाले, "बरं आहे."

सहा पन्नासला टेक ऑफ. सात अठराला वायरलेसवर इंगळे साहेबांचा आवाज आला, "पोस्ट इन साइट. टू मिनिट्स." त्यानंतर काही आलं नाही. ऑपरेटर हाका मारत राहिला. सीओ साहेबांनी त्याच्या हातून माइक घेतला आणि स्वतः हाका मारल्या. सात चाळीसला दुसरं हेलिकॉप्टर निघालं. त्यानं त्या आजारी जवानाला खाली आणलं. तो वाचला.

शोधपथक दोघांचे देह घेऊन तिसऱ्या दिवशी आलं. हेलिकॉप्टर कोसळून आग लागली होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. उंची दोघांची सारखी होती, कपडे राहिले नव्हते. पेट्या दोन घरी जायच्या होत्या, एक केरळात आणि एक सोनाळ्याला. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

दोघांपैकी एकाच्या पायात बूट शिल्लक होता. डावा. मी कात्रीनं लेस कापली, बूट काढला, मोजा उतरवला. तीन फुल्या. मधली तिरपी.

"कॅप्टन इंगळे, सर."

सीओ साहेबांनी फॉर्म मागवला. मी लिहिलेला खाना मोठ्यानं वाचला आणि फॉर्म मिटला. ज्या खान्यासाठी मी त्या म्हाताऱ्यावर मनातल्या मनात चिडलो होतो, त्याच खान्यानं दोन्ही लेकरांना आपापल्या घरचा रस्ता दाखवला. मी बाहेर जाऊन रडलो. खूप रडलो.

पेटीबरोबर सोनाळ्याला मला पाठवलं. पेटी सीलबंद होती, उघडायची नाही असा आदेश होता. गाव सगळं जमलं होतं. साहेबांच्या माय पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मला जवळ बोलावलं.

"उघडू देत नाई म्हंतात. मंग यात माहाच आहे हे मी कशावरून समजू? सांगा ना भाऊ."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. व्हॉलीबॉल, चिंधी, सुई, तीन फुल्या. हेही सांगितलं की फाइल मी स्वतः जाऊन सोडवली. आणखी पंधरा दिवस अडकली असती, तर त्या सकाळी ते जमिनीवर असते. हे सांगताना माझी मान वर होईना.

माय पेटीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिब्बे मीनंच देल्ले होते." आणि तेव्हा पहिल्यांदा त्या रडल्या. माझा हात धरून रडल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्याले उडाचंच होतं बाप्पा. तुमी नसते गेले, तं तो सोता गेला असता."

फॉर्मची तिसरी प्रत आज मायकडे आहे. हे नियमात बसत नाही. मी सीओ साहेबांना विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. मी समजलो.

आता मी रिटायर्ड आहे. तहसीलमध्ये कोणाचा दाखला अडला की लोक मला घेऊन जातात. मी तिथे अजूनही ओरडतो, पण फॉर्मचा एकही खाना रिकामा सोडू देत नाही. आणि दरवर्षी त्या तारखेला मी जानेफळहून सोनाळ्याला जातो. माय चहा ठेवतात, डब्यातून कागद काढतात. त्यांना वाचता येत नाही. मी पहिल्यापासून वाचतो. उंची पाच फूट नऊ. वजन अडुसष्ट. दृष्टी दोन्ही डोळ्यांची उत्तम. ऐकू येणं उत्तम. हृदय उत्तम. माय प्रत्येकाला मान हलवून "हाव" म्हणतात.

शेवटचा खाना मला वाचू देत नाहीत. तो त्यांना पाठ आहे.

"तीन फुल्या, मधली तिरपी," म्हणतात, आणि मग विचारतात, "पाय वढला काय गा त्यानं?"

"हो माय. 'माय वं' म्हणाले. मग हसले."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

मग आम्ही दोन दिवे लावतो. एक विवेकचा, एक थॉमसचा. थॉमसच्या आईचा पत्ता आम्हाला माहीत नाही, म्हणून त्याचा दिवाही माय स्वतःच्या हातानं लावतात.